तक्रारीपासून कामापर्यंत: नव्या नगरसेवकाने प्रभागातील रोजचे प्रश्न कसे हाताळावेत

राज्यातील अनेक महानगरपालिका आणि नगरपालिका गेली काही वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. मुंबई आणि पुणे या दोन्ही महानगरपालिकांच्या सभागृहांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतरची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. या मधल्या काळात प्रभागातल्या माणसाला तुंबलेल्या गटाराची किंवा न आलेल्या पाण्याची तक्रार सांगायला हक्काचे दार नव्हते. त्यामुळे नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकाकडे पहिल्या आठवड्यापासून जे फोन येतात, त्यांमागे बरेच दिवस साचलेली अपेक्षा असते. ती अपेक्षा रास्त आहे. ती पूर्ण कशी करायची, हे मात्र कोणी बसवून शिकवत नाही, म्हणून प्रत्यक्ष कामाच्या दृष्टीने काही गोष्टी येथे सविस्तर मांडत आहे.

पहिली गोष्ट अधिकारांची. नगरसेवकाला पालिकेच्या कोणत्याही कर्मचाऱ्याला स्वतःच्या सहीने आदेश देता येत नाही. महानगरपालिकेत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि नगरपरिषदेचे प्रशासन मुख्याधिकारी चालवतात. नगरसेवकाकडे सभागृहातील मत, समितीतील जागा, लेखी प्रश्न विचारण्याचा हक्क, अंदाजपत्रकात काम सुचवण्याची संधी आणि पाठपुरावा एवढी साधने असतात. ती कमी वाटतात, पण नीट वापरली तर पुरेशी आहेत. नागरिकाची तोंडी कुरकूर जेव्हा ठिकाण, जबाबदार खाते आणि तारीख यांसह कागदावर येते, तेव्हा तिचे काम होण्याची शक्यता कितीतरी वाढते. हे रूपांतर घडवून आणणे हेच नगरसेवकाचे रोजचे काम आहे, असे मला वाटते.

प्रभाग पायी समजून घ्यावा

सत्कार आटोपले की लगेच प्रभागाची पायी पाहणी करावी. सोबत कार्यकर्त्यांचा घोळका नेऊ नये, कारण घोळका पाहून लोक हात जोडतात आणि खरे बोलणे राहून जाते. एके दिवशी पाणीपुरवठ्याचे कनिष्ठ अभियंता आणि व्हॉल्व्हमन यांना बरोबर घ्यावे, दुसऱ्या दिवशी आरोग्य निरीक्षक आणि मुकादम यांना, तिसऱ्या दिवशी रस्ते किंवा बांधकाम विभागाच्या अभियंत्यांना. प्रभागाचा नकाशा पालिकेकडून मागून घ्यावा आणि त्यावर पाण्याच्या टाक्या, व्हॉल्व्ह, ड्रेनेजची मुख्य वाहिनी, पावसाळी गटारे, कचरा साठणाऱ्या जागा, सार्वजनिक शौचालये, अंगणवाड्या, शाळा आणि पाणी तुंबणारे सखल भाग हातानेच खुणा करून नोंदवावेत. मुकादम आणि व्हॉल्व्हमन यांना जमिनीखाली काय आहे याची जी माहिती असते, ती पुष्कळदा कोणत्याही कागदावर नसते, आणि ते सेवानिवृत्त झाले की ती माहितीही त्यांच्याबरोबर जाते. ती उतरवून घेणे ही पुढच्या पाच वर्षांची मोठी बचत आहे.

पाहणीची वेळही बदलती ठेवावी. कचऱ्याची स्थिती सकाळी सहा वाजता दिसते, पथदिव्यांची रात्री नऊनंतर, शाळेसमोरच्या वाहतुकीची शाळा सुटताना आणि पाण्याची ज्या वेळी पाणी सुटते त्याच वेळी. दुपारी अकरा वाजता केलेल्या पाहणीत यातले जवळजवळ काहीच दिसत नाही.

मुंबई वगळता इतर महानगरपालिकांत साधारणपणे चार सदस्यांचा प्रभाग असतो आणि नगरपरिषदांत बहुधा दोन सदस्यांचा. अशा प्रभागात "हे माझ्या भागात येत नाही" असे उत्तर नागरिकाला देता येत नाही, कारण कायद्याने चारही जण संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी असतात. पक्ष वेगळे असले तरी चौघांनी एकदा बसून कोणी कोणत्या विषयाचा पाठपुरावा करायचा हे ठरवून घ्यावे. असे ठरले नाही तर एकाच रस्त्यासाठी चार पत्रे जातात आणि शेजारच्या नाल्यासाठी एकही जात नाही.

महाराष्ट्रात 2011 पासून नागरी स्थानिक संस्थांत महिलांना 50 टक्के आरक्षण आहे. नगरसेविकेचा फोन पतीने उचलायचा, पाहणीला दिराने जायचे आणि पत्रावर सही मात्र तिची, ही पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. ती पहिल्या महिन्यातच मोडावी. पाणी, शौचालय, रस्त्यावरचा उजेड, अंगणवाडी या विषयांत वस्तीतील स्त्रिया दुसऱ्या स्त्रीशी जितक्या मोकळेपणाने बोलतात तितक्या मध्यस्थाशी बोलत नाहीत, आणि अधिकाऱ्यांनाही कोणाला उत्तर द्यायचे हे स्पष्ट राहते.

काम कोणाचे, हे आधी ठरवावे

तक्रार आली की तिच्यावर तोडगा शोधण्याआधी ती कोणाच्या अखत्यारीत आहे हे पाहावे. एकाच शहरात एखादा रस्ता पालिकेचा असतो, त्याला छेदणारा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो आणि शहराच्या कडेचा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असतो. खड्डा मात्र तिन्हींवर सारखाच दिसतो. पालिकेचा रस्ता असेल तर पुढचा प्रश्न हा की तो शेवटचा कधी आणि कोणी केला. रस्त्याच्या निविदेत दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो, आणि त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. ही नोंद न पाहता नवीन काम सुचवणे म्हणजे नागरिकांचा पैसा त्याच रस्त्यावर दुसऱ्यांदा खर्च करणे होय. खड्डा एखाद्या केबल किंवा गॅसवाहिनीच्या खोदाईचा असेल, तर खोदाईची परवानगी कोणाला दिली होती आणि रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क कोणाकडून घेतले होते, हे विचारावे.

पथदिव्यांची तक्रार तुलनेने सोपी आहे. खांबाचा क्रमांक घ्यावा. एकच दिवा बंद असेल तर दोष बहुधा दिव्यात किंवा त्याच्या जोडणीत असतो, सलग अनेक खांब बंद असतील तर केबल किंवा फीडर पिलर (अनेक दिव्यांना वीज पुरवणारी रस्त्याकडेची पेटी) तपासावा लागतो, आणि घरांतलीही वीज गेली असेल तर विषय वीज कंपनीचा आहे. एवढे सांगितले की विद्युत विभागाची एक फेरी वाचते.

रेशन कार्ड तहसील किंवा शिधावाटप कार्यालयाकडे, मारामारी पोलिसांकडे, सोसायटीतील देखभाल खर्चाचा वाद सहकार उपनिबंधकांकडे, अशा तक्रारीही येतातच. त्यांना परतवून लावू नये आणि "करून देतो" असेही म्हणू नये. योग्य कार्यालय, योग्य अर्ज आणि सोबत लागणारे कागद सांगावेत. वयस्कर माणूस असेल तर अर्ज लिहून द्यावा. खोटी आशा देऊन माणसाला दहा वेळा कार्यालयात बोलावणे हा त्याच्यावर केलेला अन्याय आहे.

नोंदवही आणि पत्र

कार्यालयात एक जाड नोंदवही ठेवावी, किंवा संगणकावर तसाच तक्ता करावा. तक्रारीची तारीख, नाव, ठिकाण, विषय, संबंधित खाते, पत्राचा आवक क्रमांक, मिळालेले उत्तर आणि पुढची पाठपुराव्याची तारीख एवढे रकाने पुरतात. व्हॉट्सॲपवर आलेली तक्रारही वहीत उतरवावी, नाहीतर ती दोन दिवसांत शुभेच्छांच्या संदेशांखाली गाडली जाते. नागरिकाला पालिकेच्या स्वतःच्या यंत्रणेवरही तक्रार नोंदवायला सांगावे. मुंबईत 1916 हा क्रमांक आहे आणि बहुतेक महानगरपालिकांची स्वतःची ॲप किंवा संकेतस्थळे आहेत. तक्रारीला मिळालेला क्रमांक नगरसेवकाच्या पत्रात लिहिला की एकाच विषयाच्या दोन नोंदी एकमेकींना बळ देतात.

पत्राकडे विशेष लक्ष द्यावे, कारण बहुतेक पत्रे इथेच वाया जातात. "प्रभागातील ड्रेनेजची समस्या गंभीर असून तातडीने कार्यवाही व्हावी" या वाक्यावर कोणताही अभियंता काहीच करू शकत नाही. त्याऐवजी असे लिहावे: "जुनी भाजी मंडई ते मारुती मंदिर या रस्त्यावर, मराठी शाळेच्या फाटकासमोर, पथदिव्याच्या खांब क्रमांक 14 च्या पायथ्याशी असलेल्या ड्रेनेज चेंबरचे झाकण तुटले आहे. शाळा सुटते तेव्हा मुले याच बाजूने चालतात. आज सकाळी तेथे तात्पुरता फळीचा आडोसा लावला आहे. झाकण दोन दिवसांत बदलून मिळावे आणि बदलल्याचे लेखी कळवावे. सोबत छायाचित्र जोडले आहे." यात जागा सापडते, धोका कळतो, मागणी एकच आहे आणि मुदत स्पष्ट आहे. एका पत्रात एकच विषय असावा. पाच विषयांचे पत्र पाच खात्यांत फिरते आणि कोणाच्याच टेबलावर थांबत नाही.

पत्र ज्याच्या हातात काम आहे त्या अधिकाऱ्याच्या नावे द्यावे आणि प्रत त्याच्या वरिष्ठांना द्यावी. प्रत्येक गोष्ट थेट आयुक्तांकडे नेली की कनिष्ठ अभियंता दुखावतो, आणि पुढची पाच वर्षे काम त्याच्याकडूनच करून घ्यायचे असते. आवक विभागाचा शिक्का, क्रमांक आणि तारीख असलेली आपली प्रत जपून ठेवावी. मुदत संपली की पहिल्या पत्राचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्यावे, त्यानंतर वरिष्ठांची भेट घ्यावी आणि तरीही हालचाल नसेल तर विषय प्रभाग समितीत किंवा सर्वसाधारण सभेत लेखी प्रश्नाच्या रूपाने न्यावा. सभागृहातील आरडाओरडा दुसऱ्या दिवशीच्या बातमीपुरता टिकतो, तर लेखी प्रश्नाचे लेखी उत्तर इतिवृत्तात कायम राहते आणि पुढच्या वर्षी ते अधिकाऱ्यासमोर ठेवता येते.

अशा पत्रांचे महत्त्व अलीकडे आणखी वाढले आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. धोक्याची लेखी सूचना प्रशासनाला कोणत्या तारखेला मिळाली होती, हा प्रश्न आता प्रत्येक अपघातानंतर विचारला जाणार आहे. त्यामुळे उघड्या चेंबरचे पत्र उद्यावर टाकू नये.

पाण्याच्या तक्रारी

पाण्याविषयी सर्वाधिक तक्रारी येतात आणि सर्वाधिक चुकीचे तोडगेही याच विषयात निघतात, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. "पाणी येत नाही" या वाक्याचे निदान चार अर्थ असतात. पाणी अजिबात आले नाही, कमी दाबाने आले, अवेळी आले किंवा घाण आले. फोनवरच हे विचारून घ्यावे. त्याबरोबर घर कितव्या मजल्यावर आहे, शेजारच्या घरी पाणी आले का, आणि त्रास आजचाच आहे की महिनाभराचा, हेही विचारावे. संपूर्ण भागात पाणी नसेल तर पंप बंद पडला असेल किंवा टाकी भरली नसेल. एका गल्लीत नसेल तर व्हॉल्व्ह किंवा गळती पाहावी. गल्लीच्या फक्त शेवटच्या घरांना मिळत नसेल तर आधीच्या घरांनी नळाला थेट मोटारी लावलेल्या आहेत का हे पाणी सुटण्याच्या वेळी जाऊन पाहावे. एकाच घरात नसेल तर जुन्या लोखंडी जोडणीत आतून गंज धरलेला असतो आणि तो खर्च त्या घरमालकाचाच असतो.

लोकांचा दबाव आला की व्हॉल्व्हमनला परस्पर फोन करून "आमच्या गल्लीला अर्धा तास जास्त सोड" असे सांगण्याचा मोह होतो. तो टाळावा. टाकीत पाणी तेवढेच असते, आणि इथे वाढवलेला अर्धा तास उंचावरच्या एखाद्या वस्तीच्या वाट्यातून वजा होतो. त्या वस्तीला आपले पाणी कुठे गेले हे कधीच कळत नाही. शिवाय हा व्हॉल्व्हमन पुष्कळदा कंत्राटी कामगार असतो, चार नगरसेवकांचे चार फोन त्याला नाकारता येत नाहीत आणि चूक झाली की नोकरी त्याची जाते. वेळापत्रक बदलायचे असेल तर अभियंत्यांकडून टाकीची क्षमता, ती भरायला लागणारा वेळ आणि प्रत्येक भागातील जोडण्यांची संख्या मागवावी, नवे वेळापत्रक लेखी ठरवून घ्यावे आणि ते प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी लावावे. लोकांना कमी पाणी एक वेळ सहन होते, अनिश्चित पाणी सहन होत नाही. रोजंदारीवर जाणारी बाई पाण्यासाठी थांबली की तिचा दिवसाचा रोज बुडतो.

नागरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज 135 लिटर हे प्रमाण सर्वसाधारणपणे धरले जाते. आपल्या प्रभागाला प्रत्यक्षात किती मिळते, हा आकडा टाकीच्या नोंदवहीवरून काढता येतो आणि सभागृहात मांडण्यासाठी याहून ठोस मुद्दा नाही.

घाण पाण्याची तक्रार मात्र वेगळ्या गतीने हाताळावी. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे गढूळ येऊन नंतर स्वच्छ होत असेल तर कारण बहुधा वाहिनीतील गाळ असतो. वास येत असेल, रंग काळपट असेल किंवा त्या गल्लीत जुलाब-उलट्यांचे रुग्ण दिसत असतील, तर ड्रेनेजचे पाणी मिसळत आहे असे धरूनच चालावे. आपल्याकडे जुन्या वस्त्यांत नळजोडण्यांचे पाइप उघड्या गटारातून नेलेले असतात. पाणी बंद झाले की रिकाम्या पाइपात दाब उरत नाही आणि सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरते. त्याच दिवशी अभियंता आणि आरोग्य विभाग दोघांना कळवून नमुना तपासणीस पाठवायला लावावा, तो भाग तात्पुरता बंद ठेवून टँकर मागवावा आणि उकळलेले पाणी पिण्याचा निरोप घरोघर द्यावा. शेवटच्या घरच्या नळाला क्लोरीन पोचतो का, हे ओटी चाचणीने जागच्या जागी कळते. नमुन्यात द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, आणि तो लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असायला हवा. ही चाचणी टाकीपाशी करून उपयोग नाही. ती वाहिनीच्या शेवटी करावी आणि त्या वेळी तिथल्या चार घरांतली माणसे उभी असावीत.

चेंबर तुंबले की

तुंबलेल्या चेंबरचे पाणी घरात शिरू लागले की लोक संतापतात आणि नगरसेवक "आत्ताच्या आत्ता माणूस पाठवा" असा धोशा लावतो. या एका प्रसंगी घाई कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये विषारी वायू साठलेला असतो आणि आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि अशा मृत्यूसाठी किमान 30 लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले. म्हणून मागणी नेहमी जेटिंग (जोराच्या पाण्याने तुंबलेले मोकळे करणाऱ्या) आणि सक्शन (गाळ ओढून घेणाऱ्या) यंत्राचीच करावी. यंत्र उद्या सकाळी येणार असेल तर उद्या सकाळपर्यंत थांबावे, लोकांना तसे समजावून सांगावे आणि ठेकेदाराचा मुकादम कोणाला आत उतरवत असल्याचे दिसले तर स्वतः उभे राहून ते थांबवावे. गल्ली अरुंद असल्यामुळे मोठे यंत्र आत जात नसेल तर लहान यंत्राची खरेदी हा अंदाजपत्रकात सुचवण्याजोगा उत्तम विषय आहे.

एकच चेंबर वारंवार तुंबत असेल तर सफाईची तक्रार थांबवून कारण शोधायला लावावे. कुठे वाहिनीचा व्यास वस्तीच्या मानाने लहान पडलेला असतो, कुठे पावसाळी गटार ड्रेनेजला जोडलेले असते, तर कुठे एखाद्या उपाहारगृहाचे तेलकट पाणी थेट आत सोडलेले असते. नालेसफाईची पाहणी मे महिन्यात दोनदा करावी. काढलेला गाळ नाल्याच्या काठावरच पडून असेल तर पहिल्या पावसात तो परत आत जातो, त्यामुळे तो उचलून नेल्याची खात्री झाल्याशिवाय सफाई झाली असे मान्य करू नये.

कचरा आणि डास

कचऱ्याचा ढीग ज्या कोपऱ्यावर साठतो तिथे फलक लावून किंवा देवांच्या फरशा बसवून ढीग पुढच्या कोपऱ्यावर सरकतो. तिथे कचरा कोण आणि केव्हा टाकते हे पाहावे. पुष्कळदा असे आढळते की घंटागाडी नऊ वाजता येते आणि त्या वस्तीतली माणसे आठ वाजताच कामावर गेलेली असतात. अशा ठिकाणी गाडीची वेळ बदलणे हाच उपाय असतो. गाडीचा मार्ग, वेळ आणि चालकाच्या पर्यवेक्षकाचा क्रमांक प्रत्येक गल्लीत लिहून लावायला सांगावा. ओला आणि सुका कचरा लोकांनी वेगळा करून दिला आणि गाडीत तो पुन्हा एकत्र झाला तर लोक आठवड्याभरात वेगळा करणे सोडून देतात, म्हणून गाडीतले कप्पे आधी तपासावेत आणि मग घरोघर सांगावे. सफाई कामगारांना हातमोजे, गमबूट आणि किमान वेतन मिळते का, ठेकेदार भविष्य निर्वाह निधी भरतो का, हे विचारण्याचा पूर्ण हक्क नगरसेवकाला आहे आणि तो बजावला पाहिजे.

डेंगीच्या दिवसांत धूर फवारणीची मागणी जोरात होते. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. डेंगी पसरवणारा एडिस डास घरातल्या आणि घराभोवतीच्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे आणि गच्चीवरचे टायर रिकामे करणे हा खरा उपाय आहे. ज्या वस्तीत पाणी एक दिवसाआड येते तिथे लोक पिंपे भरून ठेवणारच, तेव्हा झाकणे किंवा जुन्या कापडाचा घट्ट दादरा सुचवावा.

फेरीवाले आणि अतिक्रमण

पदपथ मोकळा हवा असे म्हणणारा नागरिक आणि त्याच पदपथावर भाजी विकून घर चालवणारी बाई, दोघेही आपल्याच प्रभागातले असतात. पथविक्रेता अधिनियम 2014 ने यासाठी मार्ग दिला आहे. विक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे, प्रमाणपत्र द्यायचे, विक्रीच्या जागा ठरवायच्या आणि हे सर्व नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने करायचे, ज्या समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असले पाहिजेत. आपल्या शहरात ही समिती बसते का, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे पहिल्याच सभेत विचारावे. मधेच गाडी आणून माल उचलून नेण्याचा आग्रह धरू नये आणि कोणाचा माल सोडवायला मध्यस्थीही करू नये. दोन्हींमुळे विषय नियमाकडून ओळखीकडे जातो.

अनधिकृत बांधकामाच्या बाबतीत सावधगिरीचे कायदेशीर कारणही आहे. महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे नगरसेवकाने स्वतः अनधिकृत बांधकाम केले, किंवा ते पाडणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी पत्राने वा प्रत्यक्ष अडथळा आणला, तर त्याचे पद जाऊ शकते. "कारवाई तूर्त थांबवावी" असे एक ओळीचे पत्र मागायला जवळची माणसेच येतात. त्यांना कायदा दाखवून नकार द्यावा आणि त्यांची बाजू खरी असेल तर नोटिशीला मुदतीत उत्तर द्यायला किंवा वकिलाकडे जायला सांगावे.

दाखल्यांबाबत थोडक्यात. आधारवरील पत्त्यासाठी विहित नमुन्यातील प्रमाणपत्र नगरसेवकाला देता येते. माणूस समोर असल्याशिवाय आणि त्याचा राहता पत्ता माहीत असल्याशिवाय सही करू नये. कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून कार्यालयात ठेवण्याची सवय अत्यंत घातक आहे.

अंदाजपत्रकाचे वर्ष

झाकण, दिवा, गळती ही कामे दैनंदिन दुरुस्तीच्या तरतुदीतून होतात. नवी वाहिनी, नवा रस्ता, शौचालयाची पुनर्बांधणी यांना मात्र अंदाजपत्रकात तरतूद लागते, आणि इथे वेळ चुकली तर पूर्ण वर्ष जाते. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते. आयुक्तांचे प्रारूप अंदाजपत्रक हिवाळ्याच्या अखेरीस स्थायी समितीपुढे येते, म्हणून कामांची यादी अभियंत्यांकडे दिवाळीच्या सुमारासच पोचली पाहिजे. पुण्यात नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातील कामांना "स यादी" म्हणतात, इतर शहरांत नावे वेगळी आहेत, पण पद्धत सारखीच आहे. पुण्यात 2006 पासून नागरिकांनाही थेट कामे सुचवता येतात. जिथे अशी सोय नाही तिथे नगरसेवकाने स्वतः वस्तीवार बैठका घेऊन यादी करावी. कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद आहे, तिचा उपयोग करावा.

यादी करताना मन घट्ट करावे लागते. कमान, नामफलक आणि बाके लगेच दिसतात, जमिनीखालची वाहिनी कोणालाच दिसत नाही. तरीही महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये बंधनकारक ठरवलेली पाणी, ड्रेनेज, सफाई, दिवे, रस्ते ही कामे आधी आणि कलम 66 मधील ऐच्छिक कामे नंतर, हा क्रम सोडू नये. नगरपरिषदेच्या नगरसेवकाने यासाठी 1965 च्या अधिनियमातील कलम 49 वाचावे.

तरतूद झाली म्हणजे काम झाले असे नाही. जागेची पाहणी, पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश एवढे टप्पे पार पडल्यावर फावडे लागते. यातील कोणत्या टप्प्यावर फाइल आहे आणि कोणाच्या टेबलावर आहे, हे नोंदवहीत दर पंधरवड्याला लिहावे. मान्यतेला उशीर झाला की पावसाळा येतो, मग आचारसंहिता लागते आणि वर्षअखेरीस आपली तरतूद वर्गीकरणाने, म्हणजे एका कामाचा निधी दुसऱ्याकडे वळवण्याच्या पद्धतीने, भलत्याच कामाकडे गेलेली दिसते. कामाचा कार्यादेश निघाला की त्यातील लांबी, जाडी, रक्कम, ठेकेदाराचे नाव आणि दोषदायित्वाची मुदत कामाच्या जागेवर फलकावर लिहून घ्यावी. ज्यांच्या दारासमोर काम चालू आहे त्यांच्यापैकी दोघांना मोजमाप कसे घेतात हे अभियंत्याकडून समजून घ्यायला सांगावे, आणि अंतिम बिल निघण्यापूर्वी त्यांच्यासह एकदा टेप लावून मोजावे. मोजमाप जुळले नाही तर बिल काढण्यापूर्वी फेरमोजणी करावी असे पत्र त्याच दिवशी कार्यकारी अभियंत्यांना द्यावे आणि त्याची प्रत लेखा विभागाच्या आवकेत टाकावी.